सेफ साइडला रेडिएशन

परवा शनिवारी आमच्या हॉलमध्ये मीटिंग भरली होती. मामा, काका, दोन मावसभाऊ आणि स्पीकरवर अमेरिकेतली ताई. विषय : मावशीचं रेडिएशन. ठराव पाच मिनिटांत पास! "पैशाचा विचार करू नका, सेफ साइडला करून टाकू." मावशी आत चहा गाळत होती. तिला कोणी विचारलंच नाही. (मीही नाही, आधीच कबूल करतो.)

मावशीच्या डाव्या स्तनात अडीच सेंटिमीटरची गाठ होती. पूर्ण स्तन काढला, काखेतल्या ग्रंथी काढल्या, त्यातल्या एकीत कॅन्सर सापडला. केमो झाली. ऑपरेशन झालं तिथले डॉक्टर फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "रेडिएशन घ्या, चांगलं असतं." कशासाठी चांगलं, किती चांगलं? ते नाही सांगितलं.

आता मंडळी, माझं भांडण रेडिएशनशी नाही. चार किंवा जास्त ग्रंथींत रोग गेला असेल तर ते हवंच. स्तन वाचवून नुसती गाठ काढली असेल तरी बहुतेकदा हवंच. उगाच हे वाचून कोणी उपचार रद्द करू नका. प्रश्न मधल्या गटाचा आहे, एक ते तीन ग्रंथीवाल्यांचा.

या गटासाठी रेडिएशनच्या बाजूचा मोठा पुरावा 'लॅन्सेट'मध्ये २०१४ साली आला. २० वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू ५० टक्क्यांवरून ४२ वर! कोणीही घेईल. पण ते प्रयोग १९६४ ते १९८६ या काळातले. तेव्हाची केमो वेगळी, आणि ट्रास्टुझुमॅबसारखी औषधं तर नव्हतीच. जुन्या सर्व्हरचे आकडे दाखवून नवीन मशीन विकण्यातला प्रकार.

म्हणूनच 'सुप्रीमो' नावाची ट्रायल झाली (नाव एखाद्या पक्षाचं वाटतं, पण असो). एडिंबरोचे इयन कंकलर तिचे प्रमुख. मधल्या धोक्याच्या १६०७ बायका, बहुतेकींच्या एक ते तीन ग्रंथींत रोग. सगळ्यांची मास्टेक्टॉमी झालेली, अर्ध्या जणींना रेडिएशन, अर्ध्यांना नाही. निकाल डिसेंबर २०२४ मध्ये सॅन अँटोनियोला मांडला, २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये छापून आला. दहा वर्षांनी हयात : रेडिएशन घेतलेल्या ८१.४ टक्के, न घेतलेल्या ८१.९ टक्के. म्हणजे फरक नाहीच. छातीवर रोग परत आला तो १.१ विरुद्ध २.५ टक्के जणींत.

गणित करा. साधारण ७० जणींना किरणं दिली की एकीचं छातीवरचं दुखणं टळतं. ती एकही खरीच बाई आहे, आणि मावशीला तेवढ्यासाठीही घ्यावंसं वाटेल कदाचित. पण उरलेल्यांना ते फुकट पडत नाही. कातडी भाजते, थकवा येतो, हात सुजू शकतो, डाव्या बाजूला हृदय आणि फुप्फुस सांभाळावं लागतं (नव्या मशीन्समुळे हा धोका कमी झालाय, हे खरं). वर गाव सोडून तीन आठवडे आमच्या सोफ्यावर झोपायचं, ते वेगळंच.

आमच्या ऑफिसात एकदा रिलीज फसला की एक अप्रूव्हल वाढतं. नंतर बग गेला तरी अप्रूव्हल काढायची हिंमत कोणाची होत नाही, कारण काढलं आणि काही झालं तर नाव आपलं येतं. 'सेफ साइड' म्हणजे च्यायला नक्की कोणाची सेफ साइड? मावशीच्या रिपोर्टमध्ये डॉक्टरांना काही खटकणारं दिसलंही असेल. मग ते तिला सांगा ना!

रविवारी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी हे सगळे आकडे मावशीला लिहून दाखवले. चष्मा लावून तिने दोनदा वाचलं.

"त्या सत्तरांतली एक कोण, ते आधी कळतं का रे?"

"नाही गं."

"बरं. मग डॉक्टरांना मीच विचारते. गुरुवारी तू फक्त गाडी काढ. आणि मामाला सांगू नकोस."

ते पान तिने फाइलमध्ये सगळ्यात वर लावलंय.