टायमर वाजला म्हणजे अन्न शिजले असे नाही

गेल्या महिन्यात तुर्भे स्टोअरमधल्या एका ताईंच्या घरी गेले होते. ताई वाशीला दोन घरी स्वयंपाकाला जातात. एका घरी नवीन ओव्हन आला, म्हणून जुना त्यांना देऊन टाकला. लेकीच्या वाढदिवसाला त्यांनी त्यात चिकन भाजायला ठेवले आणि टायमर ४० मिनिटांवर लावला. मध्ये पंधरा-वीस मिनिटे लाईट गेली, परत आली. घंटी वाजली तशी त्यांनी चिकन काढले. वरून रंग छान आला होता. पोरांनी आवडीने खाल्ले. दुसऱ्या दिवशी तीन मुलांना उलट्या-जुलाब. कशाने झाले ते कोणी तपासून पाहिले नाही, पण हाडाजवळ मांस कच्चे लागत होते, असे ताई स्वतःच म्हणाल्या.

मुले बरी झाली. पण शेजारपाजारचे बोलणे थांबले नाही. "आपल्या झोपडीत ओव्हन कशाला पाहिजे?" हे वाक्य मी चार जणींकडून ऐकले. मला ते पटत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीजही त्यांच्याच खात्यात होती आणि स्वस्त, मुबलक वीज मिळाली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. ती वीज फक्त कारखान्यांसाठी आणि बंगल्यांसाठी नाही. ओव्हन वापरण्यात ताईंचे काही चुकले नाही. चूक ही, की तो कसा चालतो हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. मॅडमच्या घरी बटणे मॅडम लावतात, आणि पुस्तिका इंग्रजीत. म्हणून नर्स म्हणून जे मला माहीत आहे ते इथे लिहिते.

पहिली गोष्ट टायमरची. आपल्याकडे येतात त्या बहुतेक ओटीजी ओव्हनचा गोल टायमर चावीच्या घड्याळासारखा स्प्रिंगवर चालतो. लाईट गेली तरी तो टिकटिक करत पुढे जातो. रॉड गार आणि वेळ मात्र सरतो. ताईंच्या चिकनला ४० मिनिटांतली निम्मीच आच मिळाली. म्हणून लाईट गेली तर तेवढी मिनिटे परत लावा, आणि रॉड तापायलाही वेळ लागतो हे धरून चाला. दहा मिनिटांहून कमी वेळ हवा असेल तर बटण आधी वीसपर्यंत नेऊन मग मागे आणा, नाहीतर स्प्रिंग नीट भरत नाही. काही टायमरवर 'स्टे ऑन' अशी खूण असते. तिथे ठेवले तर ओव्हन आपोआप बंद होतच नाही. तसा चालू ठेवून नळावर किंवा कामावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट मोडची. एका बटणावर छोटी चित्रे असतात. रेघ खाली असेल तर खालचा रॉड, वर असेल तर वरचा, दोन्हीकडे असेल तर दोन्ही रॉड. पंख्याचे चित्र म्हणजे गरम हवा आत फिरते. केक, नानकटाई, पाव यांना दोन्ही रॉड लावावेत. नुसत्या वरच्या रॉडने वरून लाल होते आणि आत कच्चे राहते. तो शेवटची पाच-सात मिनिटे रंग येण्यासाठी ठेवा. पदार्थ आत ठेवण्याआधी ओव्हन दहा मिनिटे रिकामाच तापवून घ्या.

मायक्रोवेव्ह वेगळा. त्यात स्टीलचे भांडे चालत नाही, पण मायक्रोवेव्हला चालणारे प्लास्टिकचे भांडे चालते. ओटीजीत उलट आहे. तिथे स्टील चालते आणि प्लास्टिक वितळते. काही मशीनमध्ये मायक्रोवेव्ह आणि कन्व्हेक्शन दोन्ही मोड असतात. त्यात डबा ठेवण्याआधी कोणता मोड लागला आहे ते बघाच.

शिजले की नाही, हे टायमरला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की अन्न आतपर्यंत ७० अंशांच्या वर तापले पाहिजे. घरी तापमापक नसतो, म्हणून सर्वांत जाड तुकडा हाडापर्यंत कापून बघा. रस स्वच्छ निघाला पाहिजे, लालसर नको. शंका आली तर परत भाजा. शिजलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. आणि कामाच्या घरी सकाळी कच्चे मटण आत ठेवून दुपारचा टायमर लावायला सांगितले, तर ते बरोबर नाही हे नम्रपणे पण स्पष्ट सांगा. आपल्या उन्हाळ्यात तेवढ्या वेळात जंतू वाढतात.

तिसरी गोष्ट वायरची. ओव्हनमागे वॅट लिहिलेले असतात. त्या आकड्याला २३० ने भागा. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. आपला टीव्ही-पंख्याचा साधा पॉइंट ६ अँपिअरचा. त्यावर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर ओव्हन लावला तर वायर तापते, आणि पत्र्याच्या, प्लायच्या घरात आग पसरायला वेळ लागत नाही. १६ अँपिअरचा पॉइंट, आयएसआय खुणेची जाड वायर आणि अर्थिंग, एवढे वायरमनकडून करून घ्या. पिनचा जाड, लांब पाय कापून प्लग बसवू नका. तोच पाय शॉकपासून वाचवतो.

भाजलेच तर बांगड्या लगेच काढा आणि जागा वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. फोड फोडू नका. मोठे भाजले असेल तर १०८ ला फोन करा. भाजलेल्यांचे खास रुग्णालय, नॅशनल बर्न्स सेंटर, आपल्याच रेल्वेलाईनवर ऐरोलीला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जुनी वस्तू देणाऱ्याने पंधरा मिनिटे बसून ती शिकवावीही, आणि कामाला जाणाऱ्या बाईने ते मागायला लाजू नये. महाराष्ट्रात ओव्हन विकणाऱ्या कंपन्यांनी पुस्तिका मराठीत द्यावी. आणि आपण? एका रविवारी विहारात महिला मंडळाच्या बैठकीला कोणीतरी आपला ओव्हन घेऊन या. एकेक बटण सगळ्या जणी फिरवून बघू. त्या ताईंनी आपला आणते म्हणून सांगितले आहे. चिकन मी आणते.