गडग्यावरची घोरपड

हर्णे म्हटले की सुवर्णदुर्ग आणि बंदरावरचा मासळीचा लिलाव डोळ्यांपुढे उभा राहतो. पण या गावाच्या आसपास, आंब्याकाजूच्या बागांच्या गडग्यांवर, सकाळचे ऊन अंगावर घेत पडणारा एक जुना रहिवासी आहे. तो दिसला की माणसाचा हात आधी दगडाकडे जातो. हा रहिवासी म्हणजे घोरपड.

शेपटीसह पाच फुटांहून अधिक वाढणारी घोरपड दुभंगलेली जीभ सारखी आतबाहेर करते, म्हणून लोक तिला विषारी समजतात. वस्तुतः ही जीभ हवेतील गंधाचे कण टिपून टाळूतील इंद्रियाकडे नेते; तिने ती भक्ष्याचा माग काढते. सापासारखे विषाचे दात तिला नाहीत. डिवचले तर ती चावते, शेपटीचा फटकाराही देते. एरवी माणसाची चाहूल लागताच पळ काढते.

1670 साली कोंडाण्यावर चढताना तानाजीने ‘यशवंती’ घोरपडीला दोर बांधला, ही कथा पोवाड्यांनी घरोघर पोचविली. इतिहास म्हणून तिला आधार नाही. पण घोरपडीची नखांची पकड विलक्षण घट्ट असते, एवढे लोकांनी अचूक हेरले होते. ज्या प्राण्याला कथेत एवढा मान दिला, त्यालाच मांसासाठी आणि तेलासाठी मारावे, हे शोभत नाही. ‘हत्ताजोडी’ नावाची दैवी मुळी म्हणून जी वस्तू विकली जाते, ती तर बहुधा नर घोरपडीचा वाळविलेला अवयव असते! भोळ्या गिऱ्हाइकाला याचा पत्ताही नसतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये घोरपड मारणे हा गंभीर गुन्हा आहे.

ती कोंबडीची अंडी पळविते, ही तक्रार खोटी नव्हे. त्यावर खुराड्याला जाळी बसविणे हा उपाय आहे, हत्या हा नव्हे. शिवाय उंदीर, भुंगेरे, विंचू आणि मेलेली जनावरे खाऊन ती बागाईतदाराचे किती काम फुकट करते, याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

तिची स्वतःची अंडी मात्र ती मोठ्या युक्तीने ठेविते. पावसाळ्याच्या सुमारास मादी जमिनीत किंवा वारुळात खड्डा खणून वीसेक अंडी घालते, वर माती लोटून तोंडाने दाबते, आणि कधीकधी जवळच फसवे खड्डेही खणून ठेविते. वारुळातील ऊब आणि ओल अंड्यांना मानवते. सहाआठ महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. त्यांना वाढविण्यास आई जवळ नसते.