मोमो राजाच्या मुलखात

बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत रात्रभर दोरी धरून गर्दी आवरणारा मच्छेतला कार्यकर्ता पणजीच्या कार्निव्हलला गेला, तरी त्याचं लक्ष आधी बंदोबस्ताकडेच जातं. पिरनवाडी फाट्यावरून जांबोटी, चोर्ला घाट ओलांडला की मुलूख बदलतो. तिथे शनिवारी कार्निव्हलचा मोमो राजा ‘खा, प्या, मजा करा’ असं फर्मान सोडतो नि मंगळवारी त्याचं राज्य खालसा. बुधवारपासून ख्रिस्ती उपासकाळ. चित्ररथांचा आजचा थाट गोवामुक्तीनंतरचा, १९६५ पासूनचा. पूर्वी एकमेकांवर पीठ आणि रंगीत पाणी उडवायचे, थेट रंगपंचमीच! मला तो जुना दंगाच जास्त आवडला असता. आता बरेच रथ जाहिरातींचे (आपल्याकडे तरी काय वेगळं!). खरा इंत्रूज (म्हणजे कार्निव्हलच) बघायचा तर दक्षिण गोव्यात, साष्टीतल्या गावांत, खेळ-तियात्र या लोकनाट्यांना जावं.