ड्रोन उडाला, हद्द ठरली का?

ग्रामीण भारतातील राहत्या घरांची मोजणी आकाशातून पाहिली तर जवळपास संपली आहे. २४ एप्रिल २०२० रोजी घोषित झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत जानेवारी २०२५ पर्यंत ३ लाख १७ हजारांहून अधिक गावांवरून ड्रोन उडून गेले होते. उद्दिष्टाच्या तुलनेत हे प्रमाण ९२ टक्के भरते. मात्र त्याच वेळी मिळकत पत्रिका तयार झाल्या होत्या त्या सुमारे १ लाख ५३ हजार गावांच्या, म्हणजे उड्डाण झालेल्या गावांपैकी निम्म्याहूनही कमी गावांच्या. या दोन आकड्यांमधील अंतर प्रशासकीय दिरंगाईच्या खात्यावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुस्थिती अशी की, उड्डाण हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग जमिनीवर आहे, आणि आपली निविदा-पद्धती, आपले अनुदान व आपले कौतुक मात्र आकाशाकडे लागलेले आहे.

हा मुद्दा आता अधिक तातडीचा झाला आहे. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील रायसेन येथून ‘नक्शा’ हा शहरी भूमापनाचा कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीच्या वेळी २६ राज्ये आणि ३ केंद्रशासित प्रदेशांतील १५२ नागरी संस्था त्याच्या पहिल्या टप्प्यात होत्या आणि त्यासाठी सुमारे १९४ कोटी रुपयांची तरतूद होती. गावात जी चूक एका घराच्या पडवीपुरती राहते, तीच शहरात लाखो रुपयांच्या जागेचा वाद होऊन न्यायालयात पोहोचते. म्हणून हवाई मोजणी स्वीकारायची ती कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न आज विचारायला हवा. नकाशे छापून झाल्यावर नव्हे.

या मोजणीची निकड निर्विवाद आहे. ब्रिटिशांची जमीनमोजणी महसुलासाठी होती. ज्या भूमीवर सारा नव्हता, त्या वस्तीच्या जागेचे तुकडे मोजण्यात त्यांना रस नव्हता. हरियाणा-पंजाबात या वस्तीभोवती नकाशावर एक रेघ ओढली गेली, ती ‘लाल डोरा’. उत्तर प्रदेशात ती ‘आबादी’, महाराष्ट्रात ‘गावठाण’. रेघेच्या आत कोणाचे घर किती, याचा सरकारी कागद बहुतेक ठिकाणी नव्हताच. घर असून तारण नाही, ताबा असून पुरावा नाही, ही कोट्यवधी कुटुंबांची स्थिती होती. उत्तर प्रदेशातील ‘घरौनी’, मध्य प्रदेशातील ‘अधिकार अभिलेख’, महाराष्ट्रातील ‘सनद’ ही त्या उणिवेची उत्तरे आहेत आणि त्यांचे स्वागतच व्हायला हवे. पण कागद नसण्यापेक्षा चुकीचा कागद असणे काही वेळा अधिक घातक ठरते. कागद नसताना शेजारी एकमेकांशी बोलून मार्ग काढतात. चुकीचा कागद हाती आला की एकाचे बोलणे थांबते आणि दुसऱ्याचा दावा सुरू होतो.

त्यासाठी ड्रोन नेमके काय करतो, हे समजून घ्यावे लागेल. फोटोग्रामेट्री म्हणजे छायाचित्रांवरून मापन. एकच कोपरा वेगवेगळ्या ठिकाणांहून टिपलेल्या अनेक छायाचित्रांत दिसला, की संगणक त्या कोपऱ्याचे अवकाशातील स्थान गणिताने काढतो. अशा कोट्यवधी बिंदूंतून भूपृष्ठाची प्रतिकृती उभी राहते आणि तिच्यावरून प्रमाणबद्ध नकाशा तयार होतो. यात दोन गोष्टी गृहीत आहेत : प्रत्येक कोपरा पुरेशा छायाचित्रांत दिसला पाहिजे आणि तो मुळात वरून दिसणारा असला पाहिजे.

पहिली अट पैशाशी जोडलेली आहे. दोन कोटी पिक्सेलचा, प्रचलित प्रकारचा कॅमेरा शंभर मीटर उंचीवरून जमिनीचा सुमारे १५० बाय १०० मीटरचा तुकडा टिपतो. एका पिक्सेलमध्ये पावणेतीन सेंटिमीटर जमीन येते. लागोपाठच्या छायाचित्रांत ८० टक्के आणि शेजारच्या रांगांत ७० टक्के भाग सामाईक ठेवला, तर एका चौरस किलोमीटरला सुमारे १,१०० छायाचित्रे लागतात. हेच प्रमाण दोन्हीकडे ६० टक्क्यांवर आणले, तर सव्वाचारशेच्या आत काम उरकते. उड्डाणाचा वेळ, बॅटरी आणि संगणकाचा खर्च, सारेच घटते. अंतिम नकाशा दिसायला जवळजवळ सारखाच असतो. फरक पडतो तो अरुंद बोळांत, उंच भिंतींच्या आडोशाला आणि झाडांच्या कडेला, म्हणजे नेमका जिथे वाद असतो तिथे. कंत्राटदाराला मोबदला क्षेत्रफळावर मिळणार असेल आणि छायाचित्रांचे प्रमाण निविदेत नसेल, तर तो कोणता मार्ग निवडेल हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

दुसरी अट अधिक मूलभूत आहे. ड्रोनला छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. कोकणातील वा केरळातील उतरत्या छपराचे घर घ्या. पागोळ्या भिंतीपासून दोन फूट पुढे आलेल्या असतात. ‘स्वामित्व’चे नकाशे १:५०० या प्रमाणावर आहेत, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर ही जमिनीवरची अर्धा मीटर. वळचणीची ती दोन फूट जागा नकाशावर जेमतेम सव्वा मिलिमीटर भरते. पण दोन घरांमधल्या बोळात ती सांडपाण्याच्या वाटेचा आणि येण्याजाण्याच्या हक्काचा प्रश्न होते. छपराच्या कडेवरून रेघ ओढायची की भिंतीवरून, हे कोणतेही सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही. त्यासाठी कोणीतरी फीत घेऊन त्या बोळात उतरावे लागते.

योजनेच्या आखणीत याची जाण आहे. उड्डाणापूर्वी ग्रामसभा घ्यायची, घरमालक, ग्रामपंचायत आणि महसूल कर्मचारी यांनी मिळून हद्दीवर चुन्याची फक्की टाकायची, मग ड्रोनने ती पांढरी रेघ टिपायची. नंतर नकाशा गावात नेऊन पडताळणी करायची, हरकती ऐकायच्या आणि मगच अभिलेख अंतिम करायचा, असा हा क्रम आहे. याचा सरळ अर्थ असा की, हद्द ड्रोन ठरवत नाही, चुना ठरवतो. फक्की टाकण्याच्या दिवशी जो हजर असतो त्याची रेघ पडते. ऊसतोडीला गेलेले कुटुंब, सुरतेत वा मुंबईत मजुरीवर असलेला भाऊ, माहेरच्या घरात वाटा असलेली बहीण, दिराच्या आश्रयाला राहिलेली विधवा यांची रेघ कोण ओढणार? चुकीच्या जागी पडलेली फक्की तीन सेंटिमीटर अचूकतेने टिपली गेली, तर ती चूक तीन सेंटिमीटर अचूकतेने कायम होते.

अचूकता या शब्दाभोवतीही बरेच धुके आहे. छायाचित्रे जमिनीवरील खऱ्या स्थानाशी जुळवण्यासाठी काही ठळक खुणांची स्थाने उपग्रह-आधारित उपकरणांनी स्वतंत्रपणे मोजली जातात. ते नियंत्रण बिंदू. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर उभारलेल्या अखंड कार्यरत संदर्भ केंद्रांच्या जाळ्यामुळे हे मोजमाप आता काही सेंटिमीटरपर्यंत जलद मिळते. ही मोठीच पायाभूत कमाई आहे. पण सॉफ्टवेअर प्रतिकृती बसवते ती याच बिंदूंना धरून. मग त्याच बिंदूंवर किती चूक राहिली हे अहवालात छापून ‘अचूकता अमुक’ असे सांगणे, म्हणजे विद्यार्थ्याला आधी उत्तरे देऊन त्याच प्रश्नांवर परीक्षा घेणे होय. खरी परीक्षा होते ती पडताळणी बिंदूंवर. हे बिंदू मोजलेले असतात, पण गणितात घेतलेले नसतात. अमेरिकेतील फोटोग्रामेट्री व दूरसंवेदन व्यावसायिकांच्या संस्थेने २०२३ मधील आपल्या मानकांत अशा बिंदूंची किमान संख्या ३० ठेवली आहे. लहान गावासाठी ती कमी करता येईल. शून्य मात्र करता येणार नाही.

उंचीच्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी. उपग्रह-आधारित उपकरण जी उंची देते ती पृथ्वीच्या एका गणिती पृष्ठभागापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आणि भारताच्या बहुतांश भागात या दोहोंत कित्येक दशक मीटरचे अंतर आहे. एकाच प्रकल्पात अर्धी माहिती एका पद्धतीची आणि अर्धी दुसऱ्या पद्धतीची मिसळली, तर नकाशा सुंदर दिसेल आणि निरुपयोगी असेल. शिवाय जमिनीवरील बिंदू तुरळक ठेवून आणि केवळ सरळ खाली पाहणारी छायाचित्रे घेऊन काम केले, तर संपूर्ण पृष्ठभाग मध्ये किंचित फुगलेला किंवा खोलगट येण्याचा दोष सर्वज्ञात आहे. पाचशेला एक असा उतार असलेले गटार शंभर मीटरमध्ये वीस सेंटिमीटर खाली जाते. पृष्ठभागात त्याहून अधिक चूक असेल, तर कागदावर पाणी उलट्या दिशेने वाहील. खाणींचे उदाहरण आणखी बोलके आहे. नोव्हेंबर २०२१ मधील नियमदुरुस्तीनुसार ५० हेक्टर वा अधिक क्षेत्राच्या, किंवा वर्षाला दहा लाख टन वा अधिक उत्खननाच्या खाणपट्ट्यांना दरवर्षी ड्रोन-सर्वेक्षण सादर करावे लागते. ५० हेक्टरवर उंचीत सरसकट दहा सेंटिमीटरची चूक म्हणजे ५० हजार घनमीटरचा हिशेब इकडचा तिकडे. त्यावरचे स्वामित्वधन हा सार्वजनिक पैसा आहे.

मग करायचे काय? अधिक महागडे ड्रोन घेणे हे उत्तर नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशानिर्मितीवरील निर्बंध सैल झाले, ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम सुटसुटीत झाले, फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर मर्यादा आली आणि देशी उद्योगाला वाव मिळाला. काम करणारे हात वाढले. काम तपासणारे डोळे वाढले नाहीत. जिल्हाधिकारी, नगरपालिका मुख्याधिकारी आणि भूमी अभिलेख खात्यासाठी म्हणून पुढील अटी व्यवहार्य वाटतात.

पहिली, देयकाचा मोठा हिस्सा उड्डाणावर नव्हे, तर पडताळणीवर द्यावा. आणि पडताळणी बिंदू कंत्राटदाराने नव्हे, खात्याने किंवा तिसऱ्या पक्षाने मोजावेत. त्यांची स्थाने कंत्राटदाराला आधी कळू नयेत. दुसरी, छायाचित्रांतील सामाईक भाग, पिक्सेलचा आकार, तिरप्या छायाचित्रांची गरज आणि उंचीची संदर्भपद्धती या चार गोष्टी निविदेत आकड्यांनिशी लिहाव्यात. तिसरी, मूळ छायाचित्रे, बिंदूंची मोजमापे आणि प्रक्रियेचा अहवाल यांची मालकी व प्रत शासनाकडे राहावी. आज अनेक ठिकाणी हाती पडतो तो केवळ अंतिम नकाशा. तो चुकला तर पुन्हा उड्डाणाचा खर्च. मूळ छायाचित्रे असतील तर दुसरा कोणीही ती नव्याने तपासू शकतो.

चौथी अट क्षमतेची आहे. पिक्सफोरडी वा मेटाशेपसारखी व्यावसायिक सॉफ्टवेअर उत्तम आहेत. पण त्यांचा परवाना प्रत्येक तालुक्याला परवडणारा नाही आणि तशी गरजही नाही. ओपनड्रोनमॅपसारखे मुक्त सॉफ्टवेअर, ६४ जीबी स्मृतीचा आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला एक संगणक व प्रशिक्षित भूमापक एवढ्या सामग्रीवर जिल्हा पातळीवरील नमुना-तपासणी होऊ शकते. दर दहा गावांतील एक गाव जरी खात्याने स्वतः पुन्हा प्रक्रिया करून पाहिले, तरी कंत्राटदारांच्या कामाचा दर्जा बदलेल. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची अट : हरकतीची मुदत कागदावर नव्हे, प्रत्यक्षात मिळावी. नकाशा चावडीवर नुसता टांगू नये. घरोघरी दाखवावा, गैरहजर हिस्सेदारांना कळवावे, स्थलांतरित परतण्याच्या हंगामात सुनावणी ठेवावी आणि पत्रिकेवर कुटुंबातील स्त्रियांचे हक्क नोंदले गेले की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे.

यावर आक्षेप येईल तो वेळेचा. सात दशके रखडलेले काम आता कुठे मार्गी लागत असताना पुन्हा तपासण्यांची साखळी कशाला? पण तीस बिंदू मोजायला एका पथकाला एखाद-दुसरा दिवस पुरतो. एका हद्दीचा दिवाणी दावा पिढ्या खातो. भारतात जमिनीची नोंद हे मालकीचे गृहीतक आहे, निर्णायक प्रमाण नव्हे. ते न्यायालयात खोडता येते. नव्या पत्रिकांचे मोल त्या किती लोकांना मिळाल्या यावरून नव्हे, तर त्यांतील किती न्यायालयात टिकल्या यावरून ठरेल. बँकाही कर्ज देताना हेच पाहतील.

१८०२ मध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माऊंटपाशी विल्यम लॅम्टन याने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा पोलादी साखळीने मोजली. दूरच्या टप्प्यांवर नव्या आधाररेषा पुन्हा मोजून आधीचे गणित पडताळण्याची शिस्त त्या सर्वेक्षणाने पाळली, म्हणूनच त्याचे निष्कर्ष टिकले. उपकरणे आज कल्पनेपलीकडे पुढे गेली आहेत. पडताळणीची ती शिस्त मात्र कोणत्याही उपकरणासोबत खोक्यातून येत नाही. ती निविदेत लिहावी लागते, तिच्यासाठी पैसे ठेवावे लागतात आणि तिच्यात नापास झालेले काम परत पाठवण्याची हिंमत दाखवावी लागते. ‘नक्शा’चा विस्तार उरलेल्या शहरांत होण्यापूर्वी केंद्राने या अटी सर्व राज्यांना बंधनकारक कराव्यात. त्याचा खर्च ड्रोनच्या खर्चापुढे नगण्य आहे.