पाऊस चुकतो, नियोजनही चुकावे काय?

मृग कोरडा गेला, आर्द्रेच्या सरींवर टाकलेले पऱ्हे पुनर्वसूत पिवळे पडू लागले आणि पुष्य लागले तरी बांधीत चिखल होण्याइतके पाणी साचले नाही, की तिरोडा तालुक्यातील धानउत्पादकापुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. रोवणीसाठी पावसाची वाट पाहावी, पऱ्हे मोडून हलक्या जातीचे बी पुन्हा टाकावे, की बांधी पडीत ठेवून रब्बीची आशा धरावी? घरातील वर्षभराचे अन्न, सोसायटीचे अथवा सावकाराचे कर्ज आणि गावातील शेतमजुरांची मजुरी या एका निर्णयावर अवलंबून असते. असे असूनही तो निर्णय दीड-दोन एकरांच्या शेतकऱ्याने एकट्याने आणि सर्वस्वी स्वतःच्या जोखमीवर घ्यावा, अशीच आजची व्यवस्था आहे. अवर्षणाच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सोलापूरच्या तुलनेत हे प्रमाण दुपटीहून अधिक भरते. त्यामुळे या तलावांच्या मुलुखातही दुष्काळ पडतो, हे मुंबईतील मंत्रालयाला पटवून द्यावे लागते. परंतु धानाचा हिशेब वेगळा आहे. एक किलो धान पिकविण्यास सरासरी सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते आणि तेही ठरावीक वेळी लागते. रोवणीच्या वेळी अथवा पीक पोटरीत असताना तीन आठवड्यांचा खंड पडला, तर चार महिन्यांची बेरीज पुरी होऊनही कोठी रिकामी राहते. सरासरीचे आकडे किती फसवे असतात याचा अनुभव अलीकडच्या वर्षांनी पुरेसा दिला आहे. २०१७ साली देशातील मोसमी पाऊस सरासरीपेक्षा जेमतेम पाच टक्क्यांनी कमी होता. विदर्भात मात्र तूट सुमारे २३ टक्के होती. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. खंड हा आता अपवाद राहिलेला नाही. तो गृहीत धरूनच खरिपाची आखणी केली पाहिजे.

ही आखणी कशी करावी याचे ज्ञान उपलब्ध नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने देशातील सहाशेहून अधिक जिल्ह्यांसाठी आकस्मिक पीक आराखडे तयार केले आहेत. साकोली आणि सिंदेवाही येथील धान संशोधन केंद्रे याच पट्ट्यासाठी काम करतात. त्याहून जुने ज्ञान शेतकऱ्याच्या बोलीत आहे. बरडी, सिहार, मोरंड, कन्हार अशी जमिनीची नावे तो घेतो, तेव्हा कोणत्या जमिनीत पाणी किती दिवस टिकेल हेच तो सांगत असतो. खंडाच्या वर्षी सर्व जमिनीवर एकच पीक आणि एकच जात लावण्याचा हट्ट सोडावा, हा पीकनियोजनाचा पहिला नियम याच वर्गवारीतून निघतो. उंचावरील बरडी जमिनीत धानाऐवजी तीळ, उडीद, तूर अथवा कुळीथ घ्यावे. सिहारात ११० ते १२० दिवसांत येणारे हलके धान घ्यावे. १४० दिवसांचे भारी धान तलावाखालच्या, हमखास ओल असलेल्या कन्हारापुरतेच ठेवावे. सुमारे ११० दिवसांत येणारी व पाण्याचा ताण सोसणारी सहभागी धानासारखी जात २०१० च्या सुमारासच प्रसारित झाली आहे. रोवणी लांबली आणि पऱ्हे जून झाले, तर चुडात रोपांची संख्या वाढवून अंतर कमी करावे. चिखलणीची वाट न पाहता मोड आलेले बी थेट पेरणे हाही एक मार्ग आहे. मात्र त्यात तणाचा बंदोबस्त वेळेवर करावा लागतो.

पडलेला पाऊस जमिनीत जिरविणे आणि जिरलेली ओल राखणे, हे याच कामाचे दुसरे अंग होय. उन्हाळ्यात उताराला आडवी नांगरट, धुऱ्यांची डागडुजी, खेकड्यांनी पोखरलेली बिळे बुजविणे ही कामे दिसण्यात क्षुल्लक आहेत. परंतु बांधीतील पाणी चार दिवस टिकेल की चौदा दिवस, हे तीच ठरवितात. बांधीत सतत पाणी तुंबवून ठेवण्याची आवश्यकता नसते. ते आटून जमिनीला बारीक भेगा दिसू लागल्या की पुन्हा ओलीत करावे. केवळ पोटरी आणि निसवण्याच्या काळात ताण पडू देऊ नये. कोरडवाहू पिकांत डवरणी केली आणि तणसाचे आच्छादन दिले, तर उन्हाने उडून जाणारी ओल पिकाच्या मुळाशी राहते. धुऱ्यावर तूर आणि गिरिपुष्प लावल्यास घरची डाळ व हिरवळीचे खत मिळते, आणि धुराही मजबूत होतो.

धान कापणीला येण्यापूर्वी उभ्या पिकातच लाखोळी फेकण्याची या भागातील जुनी रीत म्हणजे ओलीच्या काटकसरीचा उत्तम नमुना आहे. नांगरट नाही, ओलीत नाही, बांधीत उरलेल्या ओलीवर एक कडधान्य हाती येते. लाखोळीवर पांगळेपणाच्या भीतीने १९६१ मध्ये बंदीचे धोरण आले. मध्य भारतात हा रोग मुख्यतः अशा मजुरांना झाला, ज्यांना दुष्काळात महिनोन्‌महिने लाखेखेरीज दुसरे अन्न मिळत नव्हते. तो दारिद्र्याचा रोग होता. आज रतन, प्रतीक, महातिवडा या विषारी घटक अत्यल्प असलेल्या जाती उपलब्ध आहेत. तरीही लाखोळीला आधारभूत किंमत नाही. याच ओलीवर येणाऱ्या जवसालाही नाही.

शेतकरी नवे स्वीकारत नाही, धानाचा मोह सोडत नाही, अशी तक्रार शासकीय बैठकांत नेहमी ऐकू येते. परंतु धानाला आधारभूत किंमत आहे, खरेदी केंद्र आहे आणि त्यावर प्रोत्साहन रक्कमही आहे. २०२३-२४ च्या हंगामासाठी राज्याने धानउत्पादकांना दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी २० हजार रुपये जाहीर केले. ही रक्कम शेतकऱ्यांच्या रेट्यानेच मिळाली असून ती काढून घेण्याचा प्रश्न नाही. पण ज्याने पावसाचा रंग ओळखून बरडीत तीळ किंवा उडीद पेरला, त्याला या रकमेतून काय मिळाले? काहीच नाही. शासन एका हाताने पीकबदलाचा सल्ला देते आणि दुसऱ्या हाताने तो सल्ला मानणाऱ्यास दंड करते. अशा स्थितीत धानालाच चिकटून राहणारा शेतकरी अडाणी नसून हिशेबी आहे.

विम्याची कथाही अशीच आहे. २०२३ मध्ये गाजावाजा करून आणलेली एक रुपयातील पीकविमा योजना राज्य शासनाने २०२५ च्या खरिपात गुंडाळली. त्याचबरोबर पेरणीच न होणे, हंगामाच्या मध्यावर प्रतिकूल परिस्थिती उद्‌भवणे या संकटांवरील संरक्षणही वगळले आणि भरपाई कापणीप्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नाशी जोडली. म्हणजे रोवणीच झाली नाही, त्याच्या वाट्याला कापणीप्रयोगाची प्रतीक्षा आली. दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पावसाचा तीन ते चार आठवड्यांचा खंड, आणि हलक्या जमिनीत दोन आठवड्यांचाही खंड, हा संकटाचा निदर्शक मानला आहे. जो खंड संहितेला दिसतो तो विम्याला दिसू नये, हे कोणत्या न्यायात बसते? बटईने शेती करणाऱ्याचे नाव तर सातबाऱ्यावरही नसते. त्याला कर्ज नाही, विमा नाही आणि नुकसानीचा पंचनामाही दुसऱ्याच्या नावे होतो.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधलेले तलाव हे या प्रदेशाचे अवर्षणाविरुद्धचे सर्वांत जुने नियोजन होय. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, हे योग्यच झाले. पण मालगुजाराबरोबर दुरुस्तीची व पाणीवाटपाची जबाबदारी घेणाराही गेला आणि त्याची जागा गावाच्या संघटनेने घ्यावी अशी तजवीज झाली नाही. गाळ साठला, पाळी खचल्या, बेशरमीच्या झुडपांनी पात्रे व्यापली, बुडीत क्षेत्रात अतिक्रमणे झाली. तिरोडा तालुक्यात चोरखमारा आणि बोदलकसा हे मोठे तलाव आहेत. वैनगंगेचे पाणी उचलून देणारी धापेवाडा उपसा सिंचन योजनाही आहे. त्याच वैनगंगेच्या पाण्यावर तिरोड्याचा ३३०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प चालतो. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत उद्योगाला शेतीच्या आधी स्थान होते. जनआंदोलनांच्या दबावाने २०११ मध्ये तो क्रम बदलून पिण्याच्या पाण्यानंतर शेती आणि मग उद्योग असा झाला. खंडाच्या तीन आठवड्यांत हा क्रम वैनगंगेच्या काठी पाळला जातो काय, याचा जाहीर हिशेब तालुक्याला दरवर्षी मिळाला पाहिजे.

पाणी असले तरी ते वाटावे कसे, याचा धडा महाराष्ट्राने पूर्वीच घालून दिला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथे पाण्याचा हक्क जमिनीच्या मापाने न देता माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने देण्यात आला, भूमिहीनांचाही वाटा मान्य झाला आणि उसाला मज्जाव करण्यात आला. पुरंदरचा पाऊस वेगळा आणि तिरोड्याचा वेगळा. तत्त्व मात्र दोन्हीकडे लागू पडते. खंडाच्या वर्षी तलावातील पाणी प्रथम प्रत्येक कुटुंबाच्या एका ठरावीक क्षेत्राला निसवण्याच्या वेळचे संरक्षक ओलीत म्हणून मिळावे आणि त्यानंतरच मोठ्या धारकाच्या उरलेल्या एकरांचा अथवा उन्हाळी धानाचा विचार व्हावा. तलावावर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांसाठी मासळीपुरते पाणी राखणे हाही या वाटपाचा भाग असला पाहिजे.

अवर्षणाचा पहिला घाव मात्र शेतमजुरावर बसतो. रोवणी थांबली की पुरुष-स्त्रियांची मजुरी त्याच दिवशी थांबते. भरपाईच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव नसते. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी जन्माला आली आणि १९७७ च्या कायद्याने ती हक्क बनली. धुरे, शेततळी, तलावातील गाळ ही सारी ओल राखण्याची कामे याच मजुरांच्या हातून व्हावयाची आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या ग्रामीण रोजगार कायद्यात मात्र पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात, वर्षातून ६० दिवसांपर्यंत, कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. पावसाचा खंड पडतो तो नेमका याच काळात. शेतात काम नाही आणि हमीचेही काम नाही, अशा कात्रीत मजूर सापडू नये यासाठी खंड पडताच ही बंदी आपोआप उठावी, अशी मागणी आतापासून केली पाहिजे.

सारांश, पीकनियोजन हे शेतकऱ्याला करावयाच्या उपदेशाचे नाव नसून जोखीम वाटून घेण्याचे नाव आहे. हलक्या व ताण सोसणाऱ्या जातींच्या बियाण्याचा साठा मृगापूर्वी तालुक्यात हवा. १५ जुलैपर्यंत पुरेसा पाऊस न झाल्यास पर्यायी पीक जाहीर होऊन त्याचे बी त्याच आठवड्यात गावात पोहोचावे. सल्ल्यानुसार पीक बदलणाऱ्यास धानाइतकेच प्रोत्साहन मिळावे. लाखोळी, जवस, तूर व उडीद यांची खरेदी हमीने व्हावी आणि विम्यात न झालेल्या रोवणीला पुन्हा स्थान मिळावे. या मागण्या अवास्तव नाहीत. यांतील एकही गोष्ट शासनाच्या आवाक्याबाहेरची नाही.

तथापि मागण्यांची निवेदने देऊन कार्यकर्त्यांचे काम संपत नाही. एप्रिल-मे महिन्यांतील ग्रामसभांत गावची जमीन बरडी किती, सिहार किती, कन्हार किती याची नोंद, तलावाच्या पाण्याच्या वाटपाचा ठराव आणि धुरे-तलावांच्या कामांची यादी तयार करविणे हे कार्यकर्त्यांनाच करावे लागेल. बटईदार आणि शेतमजूर स्त्रिया त्या सभांत उपस्थित राहतील व बोलतील, हेही त्यांनीच पाहिले पाहिजे. पाऊस कोणाच्या हुकमात नाही. पण तो चुकल्यावर कोणाची बांधी भिजेल आणि कोणाची चूल विझेल, हे माणसेच ठरवितात. तो निर्णय आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या एकट्या शेतकऱ्यावर न टाकता संघटित गावाच्या हाती आणणे, हे मृगापूर्वी उरकावयाचे काम आहे.