गर्दीत शिकताना आधी जागा, मग माणूस

रस्त्यावरच्या छायाचित्रणात नवख्याची पहिली फसगत गर्दीच करते. चेहरे, पाट्या, पिशव्या, तारा, मध्येच घुसलेला कुणाचा तरी कोपर, सगळे एकदम फ्रेममध्ये येते आणि कॅमेरा त्यातले काहीच गाळत नाही. गाळण्याचे काम उभे राहण्याच्या जागेवरून होते. म्हणून अभ्यासाची सुरुवात माणसामागे धावण्यापेक्षा प्रकाश आणि पार्श्वभूमी हेरण्यापासून व्हावी. जागा ठरली की माणसे आपणहून येतात. गर्दीचा फायदा तोच.

मुंबईत दादर पश्चिमेचा फुलबाजार या अभ्यासाला फार सोयीचा आहे. उजाडण्याआधीच तिथे खरेदी-विक्री रंगात आलेली असते. बल्बचा पिवळा उजेड आणि आकाशाचा निळसर प्रकाश एकमेकांना तोलून धरतात तो वेळ थोडाच असतो. त्यानंतर ताडपत्रीखाली गडद सावली आणि वाटेवर कडक ऊन, असा तुकड्यातुकड्यांचा प्रकाश उरतो. झेंडूचे ढीग हा तिथला खास सापळा. सर्वसाधारण हिस्टोग्राम ठीक दिसत असतानाही लाल चॅनेल भरून वाहतो आणि पाकळ्यांचा पोत सपाट होतो. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे तपासून गरजेप्रमाणे अर्धा ते एक स्टॉप एक्स्पोजर कमी करणे हा साधा उपाय. पण पुष्कळ जणांना तो घरी संगणकावर चित्रे उघडल्यावर आठवतो.

दाटीत ऑटोफोकस नेमका पुढच्या खांद्यावर जाऊन बसतो. त्यावर झोन फोकसिंगचा सराव हवा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २८ मिमी लेन्स, एफ/८ आणि अडीच मीटरवर फोकस ठेवला, तर साधारण दीड ते दहा मीटरपर्यंतचे चित्र पुरेसे रेखीव येते. ३५ मिमीला तीच पट्टी पावणेदोन ते पाच मीटरपर्यंत आखडते. चालत्या माणसासाठी शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद लागते. पहाटे त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर बेलाशक वाढवावा. दाणेदार चित्र चालते, नकळत हललेले चालत नाही.

मुद्दाम हलवलेल्याची गोष्ट वेगळी. रघु राय यांचे १९९५ मधले चर्चगेट स्थानकाचे छायाचित्र त्याचा धडा आहे. मंद शटरमुळे प्रवाशांचे लोंढे धुरासारखे विरघळले आहेत, आणि त्यांच्यामध्ये वर्तमानपत्र वाचत स्थिर बसलेली माणसे स्पष्ट उमटली आहेत. तो स्थिर बिंदू नसता तर नुसता धूसरपणा उरला असता. रघुबीर सिंह यांची वाट याच्या उलट. मुंबईवरच्या त्यांच्या रंगीत कामात काचा, चौकटी, प्रतिबिंबे यांनी गर्दी थरांत विभागली जाते आणि प्रत्येक थरात स्वतंत्र काहीतरी चाललेले असते. असे थर सुटे ठेवायला कधी पाऊलभर सरकणेही पुरते. लांब लेन्सने दुरून चेहरे टिपणाऱ्याला हे शिक्षण मिळत नाही.

वागण्याचे नियम कॅमेऱ्याच्या सेटिंगइतकेच महत्त्वाचे. डोक्यावर गोणी घेतलेल्या हमालाची वाट अडवू नये. सौद्याच्या वेळी विक्रेत्याला पोझ मागू नये. झोपलेली, आजारी किंवा अगतिक माणसे हा सोपा विषय आहे, म्हणूनच तो टाळावा. मुलांच्या जवळच्या चित्रासाठी पालकांना विचारावे. कुणी नको म्हटले तर वाद न घालता चित्र पुसावे. रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते, हेही आधी ध्यानात घ्यावे.

शेवटचा टप्पा निवडीचा, आणि शिकवण्यात सर्वांत दुर्लक्षित तोच. गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये वारले तेव्हा त्यांच्यामागे सुमारे २,५०० न धुतलेले रोल उरले होते. टिपतानाची भावना निवडीत लुडबुड करू नये म्हणून ते फिल्म मुद्दाम उशिरा धूत. डिजिटल कॅमेऱ्यावर हा संयम स्वतःच पाळावा लागतो. त्याच संध्याकाळी चित्रे समाजमाध्यमांवर टाकणाऱ्याला तो साधत नाही.

कार्यशाळा घेणाऱ्यांना एक विनंती. वीस-पंचवीस जणांचा फोटोवॉक बाजारात शिरला की बाजार त्याच्याकडे पाहू लागतो आणि टिपण्यासारखे काही उरत नाही. एका खेपेला तीन-चार विद्यार्थीच न्यावेत, आणि त्यांना त्याच जागी पुन्हा पुन्हा पाठवावे.