रोहिणी म्हणजे ठिबकची नळी नव्हे

हृदयविकाराचा झटका का येतो, असे आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही शाळेत विचारा. उत्तर बहुधा ठरलेले असते : "रक्तवाहिनीत चरबी साचते आणि वाट बंद होते." हे चित्र आपल्याला पटकन पटते, कारण ते आपण शेतात पाहिलेले असते. बोअरचे पाणी जड असते, त्यातले क्षार ठिबकच्या नळीत बसतात, धार बारीक होते, मग नळीतून आम्ल सोडून ती धुतात. रोहिणीचेही तसेच असणार, असे आपण धरून चालतो. मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक आहे. नळीतून वाहणारा द्रव हा माझाच विषय. तेव्हा या नळीविरुद्ध तक्रार करण्याचा थोडा अधिकार मला असावा. हे चित्र आता शाळेतून काढून टाकावे, असे माझे मत आहे. ते केवळ अपुरे नाही. त्यावर विसंबून माणसे चुकीचे निर्णय घेतात.

नळीचे गणित खोटे नाही. ते मांडणारे प्वाझेय हे मुळात फ्रेंच वैद्य. रक्ताभिसरणाच्या कुतूहलातूनच त्यांनी १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्यांवर प्रयोग केले. त्रिज्या निम्मी झाली तर, बाकी सर्व तसेच राहिल्यास, प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. पण हा नियम प्रवाह किती ते सांगतो. भिंतीला काय झाले, हे तो सांगत नाही. आणि खरी गोष्ट भिंतीतच घडते.

विद्यार्थी मित्रांनो, एका गोष्टीचा विचार करा. रक्तातले कोलेस्टेरॉल सर्व रोहिण्यांतून सारखेच फिरते. मग विकार ठरावीक जागीच का होतो? मानेतील रोहिणीला फाटा फुटतो तिथे, हृदयाच्या रोहिण्यांच्या शाखांपाशी, वळणांवर. नदीच्या वळणावर गाळ बसतो तसेच हे, असे तुम्ही म्हणाल. तसे नाही. रोहिणीला आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते आणि वाहत्या रक्ताचे घर्षण या पेशींना जाणवते. प्रवाह सरळ आणि वेगवान असला की अस्तर निरोगी राहते. प्रवाह मंदावून मागेपुढे हेलकावू लागला की ते सैल पडते, आणि श्वेतपेशी जिला चिकटू शकतील अशी रेणूंची पकड आपल्या पृष्ठभागावर तयार करते. ठिबकची नळी असे काही करत नाही.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून ते एलडीएल नावाच्या कणांत भरून जाते. हे कण अस्तरापलीकडे भिंतीत शिरतात, तिथल्या धाग्यांत अडकतात आणि त्यांच्यात रासायनिक बदल होतो. शरीराला ते परके वाटू लागतात. मग पहारेकरी धावतात.

या पहारेकऱ्यांची ओळख मेचनिकॉफ यांनी करून दिली. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचला. काही तासांनी काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला दिसला. याच कामासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. अशाच भक्षक पेशी रोहिणीच्या भिंतीत शिरून अडकलेले एलडीएल गिळू लागतात. हेतू चांगला, पण येथे एक घोटाळा होतो. आपल्या साध्या पेशींना कोलेस्टेरॉल आत घेण्याचे एक दार असते आणि गरज भागली की त्या ते दार आवरते घेतात. हे दार शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. बदललेले एलडीएल मात्र भक्षक पेशीत वेगळ्याच दाराने शिरते, आणि त्या दाराला 'पुरे' म्हणणे ठाऊक नाही. पेशी खात सुटते, तेलाच्या थेंबांनी गच्च भरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारखी दिसू लागते. सेंट पीटर्सबर्गमध्ये अनिच्कॉव यांनी १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल चारून हा विकार निर्माण केला, तेव्हा अशा फेसाळ पेशी त्यांनाही दिसल्या होत्या.

अखेर या पेशी तिथेच मरतात आणि भिंतीच्या पोटात लापशीसारखा लगदा साठतो. विकाराच्या इंग्रजी नावातील 'अथेरो' या ग्रीक शब्दाचा अर्थ लापशीच! आपण मराठीत त्याला 'रोहिणीविलेपी विकार' म्हणतो. शब्द भारदस्त आहे, पण 'विलेपन' म्हणजे वरून लावलेला लेप. त्यामुळे भिंत सारवल्याचाच भास होतो. प्रत्यक्षात हे गळू आहे म्हणा ना. त्यावर तंतूंचे पातळ झाकण असते. चिडलेल्या भक्षक पेशी झाकण झिजवणारी विकरे सोडतात. ते फाटले की रक्त लगद्याला भिडते आणि गुठळी धरते. झटका येतो तो बहुधा असा.

आता नुकसान कुठे होते ते पाहा. वाट अर्धीसुद्धा अडलेली नसताना झाकण फाटू शकते. म्हणजे काल डोक्यावर पेंढी घेऊन चालणारा माणूस आज कोसळतो. "मला दम लागत नाही, नळी साफ आहे" या समजुतीला अर्थ उरत नाही. विडीत तेल-तूप नसते, म्हणून तिचा हृदयाशी संबंध काय, असे विचारणारेही भेटतात. पण धुराने अस्तराला इजा होते आणि दाह भडकतो. आणि 'नसा मोकळ्या करणारे' काढे आठवडी बाजारात विकले जातात, ते तर निव्वळ ठिबकच्या नळीच्या भरवशावर. भिंतीच्या आतला लगदा धुणार कसा? वेळही आपल्या बाजूने नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांचे पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ निघाले. इतर देशांत ते सुमारे ५९ होते.

दाहाचा हात खरोखर किती, याची परीक्षा २०१७ मध्ये झाली. पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह शमवणारे औषध दिले. त्याच्या एका मात्रेने झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. पण जंतुसंसर्गाने दगावणारे थोडे वाढले. पहारेकऱ्याला झोपवले की चोरांचेही फावते! कोल्चिसीन या जुन्या औषधानेही २०२० च्या चाचणीत लाभ दाखवला, २०२४ च्या मोठ्या चाचणीत मात्र नाही. हे द्रव्य आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीत असते. ती जहाल विषारी आहे. फुले पाहावीत, कंदाला हात लावू नये.

यावरून कोणी "म्हणजे कोलेस्टेरॉल निर्दोष" असा निष्कर्ष काढील, तर तोही मला मान्य नाही. भिंतीत एलडीएल अडकलेच नाही तर पहारेकरी खातील काय? डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची गोळी दुखत नाही म्हणून मनानेच बंद करणे हा नळीच्या चित्राचाच आणखी एक प्रताप आहे.

शिक्षकांना एकच विनंती. फळ्यावर रोहिणीचा छेद काढताना पिवळा खडू मधल्या पोकळीत फिरवू नका. भिंत दुहेरी रेषेची काढा, पिवळा रंग त्या दोन रेषांमध्ये भरा, आणि त्यात फुगलेल्या चार-दोन पेशी काढा. वर्गातले कोणीतरी विचारीलच, "सर, या पेशी तिथे काय करताहेत?"